पिकअपसाठी अ‍ॅडजस्टेबल हिच: ड्रॉप किती, बॉल कुठला, पोलाद की अ‍ॅल्युमिनियम?

शापोराकाठ

नमस्कार मंडळी. डबल कॅब फोर बाय फोर पिकअप आहे, व्हीलबेस ३.१ मीटर, मागे कमानपाटे. शॅसीला बोल्टने बसवलेला दोन इंची चौकोनी रिसीव्हर (हिच घालायची नळी) आहे. ओढायच्या ट्रॉल्या तीन: १९ फुटी फायबर होडी, तिला ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, एक एक्सल, दोन जेटस्कींची हलकी ट्रॉली, आणि जनरेटर व सामान नेणारी दोन एक्सलची सपाट ट्रॉली. तिन्हींचे दांडे वेगवेगळ्या उंचीवर येतात. होडी पर्वरी ते शिवोली, कधी फेरीबोटीने चोडण. सपाट ट्रॉली चोर्ला घाटातून बेळगावला जाते. एकच अ‍ॅडजस्टेबल हिच (ट्रॉली जोडायचा, बॉलची उंची बदलता येणारा जोड) घ्यावी असा विचार आहे. बाजारात ६, ८ आणि १० इंची ड्रॉपच्या (बॉलची बैठक रिसीव्हरपेक्षा जितकी खाली, तो ड्रॉप) दिसतात. कुठली घ्यावी आणि काय बघून घ्यावी?

खारेपाणी

आधी मापं घ्या. तीन ट्रॉल्यांना एक हिच हा विचार योग्यच आहे, पण "मोठा ड्रॉप घेतला की सगळं भागेल" असं समजून १० इंची घेऊ नका. ड्रॉप जितका लांब तितका रिसीव्हरवर पीळ जास्त. म्हणून एकाच कंपनीच्या मालिकेतही लांब ड्रॉपच्या हिचचं रेटिंग बरेचदा कमी असतं.

पिकअप सपाट काँक्रीटवर उभी करा. नेहमीचं सामान, टाकीत डिझेल आणि शक्य असेल तर माणसंही आत असू द्या. जमिनीपासून रिसीव्हरच्या नळीच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मग ट्रॉली रोजच्या भारासह तंतोतंत सपाट करा. लेव्हल ट्रॉलीच्या फ्रेमवर ठेवा, होडीवर नको, कारण होडी पाळण्यात मुद्दाम तिरकी बसवलेली असू शकते. आता कपलरच्या (दांड्याच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) वाटीच्या आतल्या छतापर्यंत जमिनीपासून मोजा. बॉलचा माथा तिथे येणार. तिसरं माप म्हणजे बॉलची माथ्यापासून बैठकीपर्यंतची उंची, मानेसकट.

वाटीच्या छताच्या उंचीतून बॉलची उंची वजा केली की बैठक जमिनीपासून किती हवी ते कळतं. रिसीव्हरच्या उंचीतून ती बैठक वजा केली की ड्रॉप.

पिकअपची उंची दोनदा लागते, एकदा रिकामी आणि एकदा दांड्याचा भार टाकून. कमानपाटे बसतात आणि रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप भाराखाली दोन-तीन सेंटिमीटरने चुकतं. अ‍ॅडजस्टेबल हिचची भोकं साधारण एकेक इंचावर असतात, म्हणजे या चुकीने तुम्ही थेट पुढच्या भोकात जाता.

शापोराकाठ

मापं घेतली. रिसीव्हर रिकाम्या गाडीवर ५६० मिमी. होडीच्या दांड्याचा भार टाकल्यावर ५३५, जेटस्कीला ५५०, सपाट ट्रॉलीला ५३०. वाटीचं छत: होडी ४३५, जेटस्की ४२५, सपाट ट्रॉली ५२०. बॉल बैठकीपासून माथ्यापर्यंत ६८ मिमी.

खारेपाणी

छान, आता गणित सरळ आहे.

होडी: ४३५ वजा ६८ म्हणजे बैठक ३६७. ५३५ वजा ३६७ म्हणजे ड्रॉप १६८ मिमी, ६.६ इंच. सातव्या इंचाचं भोक घ्या, दांडा १० मिमी खाली झुकेल. तो चालतो.
जेटस्की: बैठक ३५७, ड्रॉप १९३ मिमी, ७.६ इंच. आठ इंचांचं भोक.
सपाट ट्रॉली: बैठक ४५२, ड्रॉप ७८ मिमी. तीन इंचांवर जवळजवळ नेमकं बसतं.

म्हणजे तुम्हाला ३ ते ८ इंच एवढी पट्टी हवी. ८ इंची घ्या. ६ इंची जेटस्कीला पुरणार नाही, १० इंची उगाच खाली लोंबेल.

दोन भोकांच्या मधे अडकलात तर नेहमी दांडा किंचित खाली राहील ते भोक निवडा. दांडा वर राहिला की ट्रॉलीचा भार मागे सरकतो आणि शेपूट डोलायला लागतं. दोन एक्सलच्या ट्रॉलीत आणखी एक गोष्ट होते: दांडा वर तर मागच्या एक्सलवर भार जास्त, खाली तर पुढच्यावर, आणि त्या एका जोडीचे टायर आणि बेअरिंग आधी जातात. एक एक्सलची ट्रॉली दोन-तीन सेंटिमीटरचा फरक खपवून घेते. दोन एक्सलची, आणि त्यातही प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन असलेली, तेवढी खपवत नाही.

साळकाठी

उंचीइतकंच वजन महत्त्वाचं, आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही. होडी, ट्रॉली, इंजिन, पेट्रोल, नांगर, सगळं धरून वजन वे-ब्रिजवर करा. मात्र दांड्यावरचा भार वे-ब्रिजवर मोजू नका. मोठ्या काट्याची पायरी बहुधा ५ किंवा १० किलोची असते, आणि ८० किलो मोजताना १० किलोची पायरी काही कामाची नाही.

दांड्यासाठी घरातला वजनकाटा वापरा. जाड फळीचं एक टोक नळीच्या तुकड्यावर टेकवा. त्या आधारापासून १ फुटावर दांडा आणि ३ फुटांवर वजनकाटा ठेवा. फळी ठेवून काटा शून्य करा, मग दांडा उतरवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे दांड्यावरचा भार. चाकांना आधी अडण्या लावा.

किती असावा? अमेरिकी पद्धतीत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. होडीच्या ट्रॉलीला ५ ते १० टक्के चालतात. युरोपी पद्धतीत त्याहून कमी, ४ ते ७ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या सपाट ट्रॉलीला १० टक्क्यांखाली जाऊ नका.

आता हा भार गाडीवर कसा पडतो ते पाहा. बॉल मागच्या एक्सलपासून साधारण १.४ मीटर मागे धरा. सपाट ट्रॉली २ टनांची आणि दांड्यावर २०० किलो असेल तर मागच्या एक्सलवर २०० नव्हे, सुमारे २९० किलो चढतात आणि पुढच्या एक्सलवरून ९० किलो उतरतात. चोर्लाच्या वळणांवर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. ते २०० किलो गाडीच्या पेलोडमध्येही (गाडीने वाहायच्या वजनात) मोजले जातात. हौद्यात जनरेटरचं डिझेल आणि आत पाच माणसं असतील तर हिच ठणठणीत असूनही गाडी ओव्हरलोड होते.

रेटिंगबद्दल. हिचवर पौंडात लिहिलेलं असेल तर ०.४५३६ ने गुणा. ५००० पौंड म्हणजे २२६८ किलो, दांड्यावर ५०० पौंड म्हणजे २२७ किलो. गाडी, रिसीव्हर, हिच, बॉल, कपलर या पाचांत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तोच तुमचा आकडा. दहा हजार पौंडांची हिच घेतली म्हणून गाडी दहा हजार पौंड ओढत नाही. आणि ऑस्ट्रेलियात हायलक्स किंवा डी-मॅक्सला ३५०० किलो लिहितात म्हणून इथेही तेच, असं धरू नका. तो आकडा त्या देशातल्या गाडीचा, ब्रेक असलेल्या ट्रॉलीचा आहे. बिनब्रेकच्या ट्रॉलीला तिथेसुद्धा ७५० किलोच. इथल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे छापलंय ते धरायचं.

युरोपी हिचवर डी-व्हॅल्यू (जोड किती ताण सोसेल तो आकडा) असते, किलोन्यूटनमध्ये. सूत्र: ९.८१ × (गाडीचं वजन × ट्रॉलीचं वजन) ÷ (दोन्हींची बेरीज), वजनं टनांत. ३ टनांची गाडी आणि २ टनांची ट्रॉली: ९.८१ × ६ ÷ ५ = ११.८. पाटीवरचा आकडा याहून जास्त हवा.

लेथवाला

रिसीव्हर कंपनीचा आहे की इथे बनवून घेतलेला? पाटी नसेल तर आधी तोच तपासा. दोन इंची रिसीव्हरची नळी बाहेरून अडीच इंच, जाडी पाव इंच, आतून दोन इंच. आपल्याकडे फॅब्रिकेटर ६० × ६० × ५ ची चौकोनी नळी घेतात. ती आतून ५० मिमी, त्यात ५०.८ चा शँक (हिचचा रिसीव्हरमध्ये जाणारा भाग) जात नाही, मग शँक घासून बारीक करतात. किंवा ६५ × ६५ × ६ घेतात. ती आतून ५३, आणि शँक खुळखुळतो. दोन मिलिमीटरची ही ढिलाई प्रत्येक स्पीडब्रेकरला पिनवर हातोडा मारते. काही महिन्यांत भोक लंबगोल. नळीच्या आतला वेल्डचा शिवणही काढलेला असावा, नाहीतर शँक तिरका बसतो.

शॅसीला वेल्ड असेल तर नको. शॅसीचं पोलाद तापवल्यावर वेल्डच्या कडेला कमकुवत होतं आणि तडा तिथूनच निघतो. बोल्ट हवेत, ग्रेड ८.८ किंवा १०.९. एम-१२ चा ८.८ ग्रेड साधारण ८० न्यूटन-मीटरला कसतात. बंपरला लावलेला हुक ट्रॉली ओढण्यासाठी नसतोच.

दोन इंची रिसीव्हरची पिन पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिमी. ती हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातला १६ चा बोल्ट घालू नका. त्याचे आटे नेमके कातरण्याच्या जागी येतात आणि तिथला व्यास कमी पडतो. अ‍ॅडजस्टेबल हिचच्या उभ्या खांबाच्या पिनाही हिचबरोबर आलेल्याच वापरा. बॉलचं डोकं खांबावर वर-खाली सरकवायचं असेल तर ट्रॉली सोडून, गाडी सपाट जागी घेऊन. दोन पिना असतात, दोन्ही आरपार गेल्या आणि क्लिपा बसल्या हे हाताने चाचपून बघा.

बॉल. कपलरवर कोरलेलं माप वाचा. ५० मिमी आणि २ इंच, म्हणजे ५०.८, हे डोळ्याला सारखे दिसतात पण सारखे नाहीत. २ इंची बॉलवर ५० मिमीचं कपलर पूर्ण खाली बसत नाही आणि लॅच अर्धवट लागतो. उलट केलं तर कपलर सैल राहतं आणि खड्ड्यात उसळतं. आपल्याकडे दोन्ही मापांच्या ट्रॉल्या फिरतात, त्यामुळे तिन्ही ट्रॉल्या तपासा. सोपा मार्ग म्हणजे तिन्हींना एकाच मापाचं कपलर लावून घेणं. दोन बॉल असलेल्या अ‍ॅडजस्टेबल हिच मिळतात, पण त्यावर बहुधा २ इंच आणि २ ५/१६ इंच असतात, ५० मिमी नव्हे.

बॉलचा नट पान्याने "घट्ट" म्हणून सोडू नका. पाऊण इंची दांडीला २१७ न्यूटन-मीटर, एक इंचीला ३३९. टॉर्क रेंच नसेल तर ट्रकच्या गॅरेजमध्ये जा. ५० मिमीचा बॉल झिजून ४९ वर आला की बदलायचा. व्हर्नियर दोन-तीन दिशांनी लावा, झीज एका बाजूला जास्त असते.

मिरामार_वारा

माझं मत अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने. ८ इंची पोलादी अ‍ॅडजस्टेबल हिच उचलून रोज काढणं-घालणं कंबरेला जड जातं, आणि गोव्यात ती काढून ठेवायलाच हवी. गंजही नाही.

खारेपाणी

हलकी आहे हे खरं. पण "गंज नाही" हे अर्धंच. अ‍ॅल्युमिनियमचा शँक पोलादी रिसीव्हरमध्ये, मधे खारं पाणी: दोन वेगळे धातू आणि मीठ एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी धरते, शँक फुगल्यासारखा रिसीव्हरमध्ये अडकतो. पावसाळाभर तसाच ठेवला तर हातोड्यानेही निघत नाही. स्टेनलेसच्या पिना भोकांत ठेवल्या तर तिथेही तेच.

अ‍ॅल्युमिनियम घ्यायचंच तर शँकला आणि पिनांना मरीन अँटी-सीझ (धातू अडकू न देणारं वंगण) लावा, आणि होडी पाण्यात उतरवली त्या दिवशीच हिच काढून गोड्या पाण्याने धुवा. ही शिस्त पाळणार असाल तर घ्या. नसेल तर पोलाद, आणि त्यातही हॉट-डिप गॅल्वनाइज. पावडर कोटिंग दुकानात सुंदर दिसतं, पण डोकं वर-खाली सरकवताना भोकांच्या कडांवरून तेच आधी उडतं आणि पिन गंजून बसते. ज्या भोकाला रोज हात लावत नाही त्या भोकांतही ग्रीस भरून ठेवा. गॅल्वनाइज केलेल्या नव्या हिचमध्ये जस्ताच्या थरामुळे पिन घट्ट जाते. भोक ड्रिलने मोठं करू नका, गोल कानसीने फक्त साचलेला गोळा काढा.

मिरामार_वारा

रोज धुण्याची अट मान्य. जेटस्की रोज उतरवणाऱ्याला ती जमते, कारण तो ट्रॉली धुतोच. महिन्यातून एकदा होडी काढणाऱ्याने पोलादच घ्यावं, हेही मान्य.

चोडणचा_धक्का

फेरीबोटीबद्दल. अ‍ॅडजस्टेबल हिचमध्ये बॉलचं डोकं वर सरकतं, पण उभा खांब जिथे आहे तिथेच राहतो. म्हणजे सपाट ट्रॉलीसाठी बॉल ३ इंचांवर नेला तरी खांबाचं टोक ८ इंच आणि वर थोडं खालीच लोंबतं. तुमच्या मापांनुसार ते जमिनीपासून ३०० मिमीच्या आसपास येईल. मागच्या एक्सलपासून १.३५ मीटरवर धरलं तर मागचा कोन (मागचं टोक न घासता पार होणारा उतार) साधारण १३ अंश. हिच नसताना नुसत्या रिसीव्हरचा तो २३ च्या आसपास असतो.

ओहोटीला धक्क्याचा उतार आणि फेरीच्या फळीचा चढ यांच्या सांध्यात खांब काँक्रीटला घासतो. भरतीला तीच जागा सहज पार होते. म्हणून ट्रॉली नसताना हिच काढूनच फेरीत चढा. ट्रॉली असताना भरतीची वेळ बघा, आणि फळीवर सरळ चढा, तिरकं नको. काही हिचचा खांब उलटा बसवता येतो, मग तो वर जातो आणि ड्रॉपऐवजी राइज मिळते. पण तुम्हाला राइज लागतच नाही, म्हणून त्या सोयीचे पैसे देऊ नका.

ट्रॉली नसताना हिच काढण्याचं दुसरं कारण: मागून कोणी धडकलं तर बंपर चेपण्याऐवजी धक्का थेट शॅसीला जातो. शिवाय ती नंबर प्लेट झाकते आणि रिव्हर्स सेन्सर सतत ओरडतो.

शापोराकाठ

वजन करून आलो: होडी ट्रॉलीसकट ११२० किलो, दांड्यावर ४१ किलो. ट्रॉलीला ब्रेक नाही. आणि लाइटची वायरिंग मेकॅनिक म्हणतो टेललाइटच्या वायरला जोडून देतो.

साळकाठी

४१ किलो म्हणजे ३.७ टक्के. फार कमी. या होडीला ८० ते ९० हवेत. हिच कितीही चांगली घेतलीत तरी हे दुरुस्त केल्याशिवाय ट्रॉली साठच्या वेगाला डोलणार. कारण उघड आहे: आउटबोर्ड पूर्ण मागे, पेट्रोलची टाकी बहुधा त्याच्या शेजारी. विंचचा खांब सैल करून दांड्यावर पुढे सरकवा आणि होडी तेवढीच पुढे ओढा. किती सरकवायचं तेही काढता येतं. दांड्यावर ४५ किलो वाढवायचे असतील आणि एक्सलपासून कपलरपर्यंत ४ मीटर असतील तर ४५ × ४ = १८० किलो-मीटर. होडी-इंजिन मिळून ८०० किलो धरले तर १८० ÷ ८०० = साधारण २२ सेंटिमीटर. मात्र होडीचा मागचा आडवा तक्ता पाळण्याच्या टोकाच्या आत जाऊ नये आणि बाहेरही लोंबू नये. तसं होत असेल तर एक्सल मागे सरकवावा लागेल.

पावसाळ्यात होडीत पाणी साचतं, आणि तेही मागे. ५० लिटर म्हणजे मागच्या टोकाला ५० किलो. निघण्याआधी तळाचं बूच काढून पाणी सोडा, मगच दांडा मोजा.

११२० किलो बिनब्रेकचे नकोत. ओव्हररन ब्रेकचं कपलर लावून घ्या, ज्यात ट्रॉली पुढे ढकलली की दांडा दबतो आणि ब्रेक लागतो. ड्रम खाऱ्या पाण्यात बुडणार, म्हणून पाणी आत सोडून ते धुता येईल असं तोंड असलेले घ्या. कपलर बदललं की वाटीची उंची बदलते. हिचचं भोक ठरवण्याआधी पुन्हा मोजा.

लेथवाला

वायरिंग टेललाइटला थेट जोडू देऊ नका. नव्या गाड्यांत बल्ब कंट्रोल युनिट तपासतं. जास्त करंट दिसला की एरर येते, काही वेळा आउटपुट बंदच होतो. रिले असलेलं ट्रेलर मॉड्यूल घ्या, त्याला बॅटरीवरून फ्यूजसकट स्वतंत्र लाइन द्या. सात पिनी सॉकेटची मांडणी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. लाइट मंद पेटत असतील किंवा इंडिकेटर दिल्यावर सगळेच लुकलुकत असतील तर दहापैकी नऊ वेळा ३ नंबरची अर्थ खराब असते. ती बॉलमधून मिळेल या भरवशावर राहू नका, वेगळी वायर हवी.

रॅम्पवर मागे घेण्याआधी प्लग काढा, आणि बेअरिंग निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या. तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील खारं पाणी आत ओढतं.

पर्वरी_नाका

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार ट्रेलरही "मोटार वाहन" आहे, म्हणून तिची वेगळी नोंदणी लागते. गाडीत केलेल्या बदलांना कलम ५२ लागू होतं. नोंदणी करताना ट्रॉलीचं एकूण वजन आणि ब्रेक यांची माहिती लागेल, म्हणून आधी ब्रेकचं काम उरकून मग वाहतूक खात्यात जा. घाटापलीकडे कर्नाटकात जाणाऱ्या सपाट ट्रॉलीचं काम सगळ्यात आधी करा.

शापोराकाठ

रिसीव्हरला पाटी आहे, ५००० पौंड आणि दांड्यावर ५००. सेफ्टी चेन हिचला लावायच्या की रिसीव्हरला?

खारेपाणी

रिसीव्हरच्या कड्यांना, हिचला कधीच नाही. पिन निघाली तर हिच ट्रॉलीबरोबर जाते आणि चेनही तिच्यासोबत. दोन चेन दांड्याखाली फुली मारून लावा, म्हणजे कपलर सुटलं तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडतो. लांबी एवढीच की पूर्ण वळणावर ताण येऊ नये आणि जमिनीला टेकू नये. ब्रेकची ब्रेकअवे केबलही (ट्रॉली सुटली तर ब्रेक लावणारी) चेनच्या कड्यात न अडकवता रिसीव्हरवर स्वतंत्र जागी लावा.

८ इंची पोलादी हिच, ५० मिमी बॉल, शँकवर यू-बोल्टचा क्लँप म्हणजे खुळखुळ थांबेल. जोडल्यावर ट्रॉलीचा जॅक फिरवून दांडा वर उचला. गाडीचं मागचं अंग बरोबर उचललं गेलं तर कपलर बॉलवर नीट बसलं आहे, मगच जॅक पूर्ण वर घ्या. पहिले ५० किलोमीटर झाले की बॉलचा नट, क्लँप आणि रिसीव्हरचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा.